साठ-शून्य: मॉरिशसमधल्या नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीचं प्रकरण

हे लिहायचं कारण सांगतो. कामानिमित्त मी काही काळ मॉरिशसला क्वात्र बोर्नला राहिलोय, घरमालक मराठी वंशाचे, निवृत्त शिक्षक, आजोबा-पणजोबा कोकणातून ऊसाच्या कामाला गेलेले. त्यांना मी काका म्हणतो, नाव इथे देत नाही कारण त्यांनी कुणाला मत दिलं हे पुढे येणार आहे आणि तो देश इतका छोटा आहे की अर्ध्या वर्णनावरून माणूस ओळखला जातो. नेते मंडळींची नावं मात्र जशीच्या तशी ठेवलीत, ती सगळ्यांना माहीतच आहेत. तर 2024 ला तिथे जे झालं ते नीट मांडून ठेवावं असं खूप दिवस डोक्यात होतं, कारण आपल्याकडे बातमी आली ती फक्त "रामगुलाम परत पंतप्रधान" एवढीच आणि खरी गोष्ट त्याच्या आत आहे, मुख्य बेटावरच्या 60 च्या 60 जागा एकाच आघाडीला आणि समोरच्याला शून्य.

पार्श्वभूमी

मॉरिशस म्हणजे क्षेत्रफळाने गोव्यापेक्षाही लहान, साधारण 2,040 चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, मतदार सुमारे 10 लाख. 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला. तेव्हापासून सत्ता फिरतेय ती मोजक्याच घरांत. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान, त्यांचा मुलगा नवीन रामगुलाम. अनिरुद्ध जगन्नाथ, त्यांचा मुलगा प्रविंद जगन्नाथ. या दोन घराण्यांच्या मधोमध पॉल बेरांजे, जे कधी यांच्याबरोबर तर कधी त्यांच्याबरोबर, आणि निळ्या झेंड्याचे द्युव्हाल. लेबर पक्ष लाल, निशाणी चावी. बेरांजेंचा एमएमएम जांभळा, निशाणी हृदय. जगन्नाथांचा एमएसएम केशरी, निशाणी सूर्य. काकांच्या गल्लीत निवडणूक आली की एका विजेच्या खांबावर तिन्ही रंगांच्या पताका, आणि कोपऱ्यावर प्रत्येक पक्षाचा "बाझ", म्हणजे कार्यकर्त्यांचा अड्डा, स्पीकर लावून बसलेला.

आपली मराठी माणसं तिथे कागदोपत्री "हिंदू" या मोठ्या गटात मोजली जातात, संख्येने थोडी आहेत, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येतं. काकांनी तेच शिकवलं आयुष्यभर. मतांच्या बाबतीत ते म्हणाल तर पक्के कुणाचेच नाहीत.

आता 2019 कडे या कारण सगळं तिथून सुरू होतं. प्रविंद जगन्नाथ जानेवारी 2017 मध्ये निवडणुकीशिवाय पंतप्रधान झाले, वडिलांनी राजीनामा दिला आणि मुलगा खुर्चीवर बसला, लोकांनी त्याला "पापा-पिती डील" असं नाव ठेवलं, म्हणजे बाप-लेकाचा सौदा. मग नोव्हेंबर 2019 च्या निवडणुकीत त्यांना जनतेचा कौल मिळाला असं म्हणायचं, पण आकडे बघा, त्यांच्या आघाडीला मतं 37 टक्क्यांच्या आसपास आणि जागा 62 पैकी 38. लेबर आघाडीला साधारण 33 टक्के, एमएमएमला 20. म्हणजे विरोधातली दोन मोठी दुकानं मिळून 53 टक्के, पण वेगवेगळी लढली म्हणून 14 आणि 8 जागांवर थांबली. नवीन रामगुलाम स्वतः पडले, 2014 नंतर लागोपाठ दुसऱ्यांदा.

मतपत्रिका, म्हणजे खरा गुंता

हे जरा सावकाश सांगतो कारण हे कळलं नाही तर साठ-शून्य कळत नाही.

मॉरिशस बेटावर 20 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार. रॉड्रिग्ज नावाचं दूरचं बेट आहे तिथून दोन. असे 62. मतदाराला एक लांबलचक कागद मिळतो, उमेदवारांची नावं आणि निशाण्या एकाखाली एक, आणि त्याने बरोबर तीन फुल्या मारायच्या. दोन मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. सगळ्यात जास्त मतं मिळालेले पहिले तिघं निवडून.

आता समजा एखाद्या मतदारसंघात शंभर लोक आहेत आणि त्यातल्या पंचावन्न जणांनी तिन्ही फुल्या एकाच आघाडीला मारल्या. तर तीनच्या तीन जागा तिच्या. उरलेल्या पंचेचाळीस जणांचं कुणीच नाही. दोन-एक अशी वाटणी व्हायला हवी असेल तर लोकांनी फुल्या मिसळून मारायला लागतात, त्याला तिथे "पानाशाज" म्हणतात. हा उमेदवार कामाचा, तो दुसऱ्या पक्षातला पण आपल्या मुलाच्या नोकरीला उपयोगी पडलेला, ती बाई शाळेच्या कार्यक्रमाला येते, असं बघून मारलेल्या फुल्या. काका आयुष्यभर पानाशाजवाले. पक्षांना ते आवडत नाही, ते सांगत असतात तीन-शून्य करा, तीन-शून्य.

याच्या जोडीला आणखी एक प्रकार आहे, "बेस्ट लूझर". निवडून आलेल्यांमध्ये एखाद्या समाजाचं प्रमाण कमी पडलं तर हरलेल्यांतले चांगली मतं मिळवलेले उमेदवार घेऊन जास्तीत जास्त 8 जागा भरतात. चार गट धरलेत, हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि बाकी सगळे "सर्वसाधारण लोकसंख्या". हिशोब अजून 1972 च्या जनगणनेवर चालतो. उमेदवाराने अर्जावर समाज लिहायचा या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये आक्षेप घेतला होता. आणि 2002 मध्येच सॅक्स आयोगाने सांगितलं होतं की 30 जागा मतांच्या प्रमाणात वाटा, म्हणजे एकतर्फी निकालाला आळा बसेल. झालं काही नाही. ज्याला सत्ता मिळते त्याला ही पद्धत तेव्हा गोड लागते, आणि ज्याची जाते तो विरोधात बसून सुधारणेची भाषा करतो, हे दोन्हीकडून झालंय.

आणि हे पहिल्यांदा नव्हतंच. जून 1982 मध्ये एमएमएम आणि समाजवादी पक्षाच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या 60 च्या 60 घेतल्या, स्वातंत्र्याचे नेते शिवसागर रामगुलाम स्वतःच्या त्रिओलेमध्ये हरले. डिसेंबर 1995 ला लेबर-एमएमएमने परत 60-0 केलं. दोन्ही वेळा पुढे काय झालं ते शेवटाकडे सांगतो, ते महत्त्वाचं आहे.

प्रश्न काय होता

2024 सुरू होताना प्रविंद जगन्नाथ सरकार काही मरायला टेकलेलं वगैरे नव्हतं, हे लक्षात घ्या. वृद्धापकाळाची पेन्शन भरपूर वाढवलेली, मेट्रो काकांच्या क्वात्र बोर्नमधून धावायला लागलेली, किमान वेतन वाढलेलं. काका या सरकारवर खूश नव्हते पण पेन्शनबद्दल समाधानी होते, आणि त्यांच्या वयाचे अनेक जण तसेच.

पण खाली खाली काहीतरी साचत होतं. जुलै 2020 मध्ये वाकाशिओ जहाज पोईंत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं, तेल गळायला लागलं तोपर्यंत दहा-बारा दिवस गेले होते आणि लोक विचारत होते की एवढे दिवस काय करत होतात. लोकांनी ऊसाचं पाचट, जुने कपडे आणि केससुद्धा भरून तेल अडवायच्या लांबलचक वळकट्या शिवल्या, ऑगस्टच्या शेवटी पोर्ट लुईत प्रचंड मोर्चा निघाला. मग महागाई, डॉलरला तिथले 36 रुपये होते ते 46 च्या घरात गेले आणि तिथे तांदूळ-पीठ-डाळ-दूध पावडर जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे रुपया पडला की थेट स्वयंपाकघरात कळतं. संसदेत विरोधकांना सारखं बाहेर काढलं जायचं. पोलिसांबद्दलची भीती. हे सगळं लोक बोलायचे पण दबक्या आवाजात. काकांकडे मी एक गोष्ट नेहमी बघितली की राजकारणाचा विषय निघाला की ते फोन उचलून आत बेडरूममध्ये ठेवून यायचे. मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं.

सरकारपुढचा प्रश्न असा की 37 टक्क्यांवर उभी असलेली सत्ता परत कशी टिकवायची. विरोधकांपुढचा प्रश्न असा की 53 टक्के एकाच रांगेत कसे आणायचे.

पर्याय आणि निर्णय

पहिला निर्णय विरोधकांचा. रामगुलाम 77 वर्षांचे, बेरांजे 79 वर्षांचे, दोघांचं आयुष्यभर जुळलं-तुटलं-जुळलं, 2014 ला एकत्र लढून सपाटून मार खाल्लेला, 60 पैकी फक्त 13 जागा. तेव्हा लोकांना तो सत्तेचा सौदा वाटला होता, एक राष्ट्राध्यक्ष होणार एक पंतप्रधान होणार आणि त्यासाठी घटना बदलणार. 2024 ला त्यांनी तो हट्ट सोडला. रामगुलाम पंतप्रधान, बेरांजे उपपंतप्रधान, विषय संपला. बरोबर दोन छोटे गट घेतले, नूव्हो देमोक्रात आणि डावे पर्यावरणवादी रेझिस्तांस एक आल्तर्नातिव. सुरुवातीला द्युव्हालही यांच्यातच होते, ते निवडणुकीआधीच बाहेर पडले आणि नंतर जगन्नाथांच्या "लेपेप" आघाडीत गेले. लेपेप म्हणजे जनता. माझ्या मते विरोधकांचा सगळ्यात कळीचा निर्णय हाच की द्युव्हाल गेले तरी त्यांनी आघाडी मोडू दिली नाही, कारण या मतपत्रिकेत एकत्र असणं हे अर्धं जिंकणं असतं.

दुसरा निर्णय तारखेचा. संसदेची मुदत तशीही नोव्हेंबरमध्येच संपत होती. 3 ऑक्टोबरला ब्रिटन आणि मॉरिशसने ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांबद्दलचा समझोता जाहीर केला, पन्नास-साठ वर्षांची जखम, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरून हाकललेले लोक, आणि ते सार्वभौमत्व परत मिळणार. दुसऱ्याच दिवशी 4 ऑक्टोबरला जगन्नाथांनी संसद विसर्जित केली आणि 10 नोव्हेंबर, रविवार, ही तारीख दिली. हिशोब सरळ होता, देशाचा इतका मोठा विजय हातात घेऊन लोकांपुढे जायचं. हा निर्णय त्या क्षणी चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. उलट त्या आठवड्यात काका सुद्धा म्हणत होते की माणसाने हे करून दाखवलं, दोन फुल्या सूर्याला, एक चावीला, ठरलंय.

आणि मग मिशीवाले साहेब आले.

ऑक्टोबरच्या मध्यापासून "मिसिए मुस्तास", म्हणजे मिशीवाले साहेब, नावाच्या अकाउंटवरून फोनवरच्या संभाषणांची रेकॉर्डिंग सोशल मीडियावर यायला लागली. रोज नवी. राजकारणी, पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार, अगदी ब्रिटिश उच्चायुक्तांचाही आवाज. एका रेकॉर्डिंगमध्ये पोलीस आयुक्त न्यायवैद्यक डॉक्टरला पोलीस मारहाणीत मेल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या मृतदेहाबद्दलचा अहवाल बदलायला सांगतायत असं ऐकू येत होतं. सरकारचं म्हणणं की हे एआय वापरून बनवलेलं आहे. पत्रकारांनी मात्र आपापली संभाषणं ओळखली आणि सांगितलं, हो, मी असं बोललो होतो.

इथे सरकारपुढे किती रस्ते होते ते बघू.

एक, न्यायाधीशाच्या हाताखाली ताबडतोब स्वतंत्र चौकशी जाहीर करायची आणि सांगायचं की निवडणुकीत मीही तिचा निकाल मान्य करीन. धोका होता, पण जगन्नाथ फिर्यादीच्या बाजूला दिसले असते. दोन, रेकॉर्डिंग खोटी आहेत म्हणता तर बाहेरच्या तज्ज्ञांकडून दोन-तीन तपासून घ्यायची आणि लोकांपुढे ठेवायची. तीन, काहीच न बोलता प्रचार चागोस आणि पेन्शनवर ठेवायचा, मतदानाला तीन आठवडे होते, लोकांचं लक्ष हटतं कधी कधी. चार, नळच बंद करायचा.

सुरुवातीला एआय आणि पोलीस तपास यावर भागवायचा प्रयत्न झाला. मग महिना संपताना चौथा रस्ता धरला. तिथल्या दूरसंचार नियामकाने सगळ्या इंटरनेट कंपन्यांना आदेश दिला की सोशल मीडिया 11 नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवा, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं.

1 नोव्हेंबरची सकाळ. काकांचा मुलगा लंडनला असतो, नातीचे फोटो रोज फेसबुकवर येतात, ते काही उघडेना. त्यांना आधी वाटलं डेटा संपला. मग शेजारचा पोरगा आला आणि म्हणाला काका बंद केलंय सगळं, व्हीपीएन टाकून देतो. पंचाहत्तरीच्या माणसाने त्या दिवशी व्हीपीएन हा शब्द शिकला आणि पहिली गोष्ट काय उघडली तर मिसिए मुस्तास, जे तोपर्यंत त्यांनी ऐकलंच नव्हतं, फक्त लोकांकडून ऐकून होते. हे मला त्यांनी नंतर सांगितलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. कारण बंदीचं काय झालं ते सगळं या एका वाक्यात आहे, ज्याला रेकॉर्डिंगमध्ये रस नव्हता त्याच्यापर्यंत ती बंदीने पोचवली.

पत्रकार, विरोधक, व्यापारी, सगळ्यांनी आवाज उठवला, आणि साधारण दिवसभरातच, 2 नोव्हेंबरला, बंदी मागे घेतली गेली. आता हा खरा दुहेरी घाटा. बंदी घालून सांगितलं की आम्ही घाबरलोय, आणि मागे घेऊन सांगितलं की आम्ही डगमगतोय. मतदानाला आठ दिवस राहिले होते.

बाकी प्रचारात दोन्हीकडून आश्वासनांची खैरात झाली. चौदाव्या महिन्याचा पगार दोघांनीही कबूल केला. विरोधकांनी वर फुकट बस, फुकट इंटरनेट, स्वस्त पेट्रोल. हे सगळं कुठून आणणार हा प्रश्न त्या दिवसांत कुणी मोठ्याने विचारला नाही, मीही नाही.

निकाल

10 तारखेला जवळपास 80 टक्के मतदान झालं. तिथे मोजणी दुसऱ्या दिवशी असते, हाताने, कागद उलगडून. सोमवारी 11 तारखेला मोजणी चालू असतानाच जगन्नाथांनी पराभव मान्य केला आणि देशाला शुभेच्छा दिल्या. ते जबाबदारीने केलं, त्याची नोंद घ्यायलाच हवी, आजूबाजूला किती देशांत हे होत नाही.

रामगुलाम-बेरांजेंच्या परिवर्तन आघाडीला मतं 62 टक्क्यांच्या आसपास, जागा 60 पैकी 60. लेपेपला 27 टक्क्यांच्या आसपास, जागा शून्य. रॉड्रिग्जच्या दोन तिथल्या स्थानिक पक्षाला. पंतप्रधान स्वतः मोका–कार्तिए मिलितेरमधून पडले. रामगुलाम जिथून 2014 ला हरले होते त्याच पाँप्लमूस–त्रिओलेमधून आले, जिथे 1982 ला त्यांचे वडील हरले होते. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, लाल आणि जांभळे झेंडे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "स्वासांत-झेरो", साठ-शून्य.

काकांनी तिन्ही फुल्या आघाडीला मारल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या मतदारसंघात सूर्यावाला एक उमेदवार होता जो त्यांचा विद्यार्थी, चांगला मुलगा म्हणतात, त्याला ते कधी सोडत नसत. या वेळी सोडला. मी विचारलं वाईट वाटलं का, म्हणाले वाटलं, पण राग त्याच्यावर नव्हताच रे.

माझं म्हणणं इथे आहे. साठ-शून्य ही एक गोष्ट नाहीये, दोन आहेत. लोकांचा राग ही एक, आणि तीन फुल्यांचं गणित ही दुसरी. लेपेपची मतं 37 वरून 27 वर आली, म्हणजे दर शंभरात दहा माणसं गेली. जागा 38 वरून शून्यावर आल्या. दहा माणसं रागावली म्हणून अडतीस जागा गेल्या असं नाही होत, समोरचे एकत्र आले आणि काकांसारख्यांनी फुल्या मिसळणं सोडलं म्हणून झालं. आणि उरलेले सत्तावीस, म्हणजे चारातला एकाहून जास्त माणूस, तो कुठे गेला? तो आहे तिथेच आहे. त्याचा खासदार नाही.

बेस्ट लूझरच्या 8 पैकी फक्त 4 जागा भरता आल्या, कारण बाकीच्या चार जागा पक्षांमधला समतोल राखायला सगळ्यात यशस्वी आघाडीला द्यायच्या असतात आणि तिच्याकडे हरलेला उमेदवारच उरला नव्हता. चारपैकी दोन रॉड्रिग्जच्या दुसऱ्या गटाला, दोन लेपेपला. जो लेजोंगार आणि अद्रियाँ द्युव्हाल. लेजोंगार विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे जी पद्धत समाजांच्या हिशोबासाठी आहे, जिच्यावर सगळे टीका करतात, तिच्यामुळेच देशाला विरोधी पक्षनेता मिळाला, आणि तोही त्या सत्तावीस टक्क्यांसाठी नाही तर कोष्टकात बसला म्हणून.

नंतर

नवीन सरकारने पंचवीसच्या घरात मंत्री केले आणि वर 10 कनिष्ठ मंत्री. साठातले पस्तीसच्या आसपास सरकारातच बसल्यावर मागच्या बाकावरून सरकारला विचारणार कोण.

डिसेंबरमध्ये अर्थव्यवस्थेचा अहवाल मांडला गेला, आधीच्या सरकारने आकडे फुगवले होते आणि कर्ज जीडीपीच्या 80 टक्क्यांच्या वर आहे असं रामगुलाम म्हणाले. जगन्नाथांना फेब्रुवारी 2025 मध्ये मनी लाँडरिंगच्या संशयावरून अटक झाली, जामीन मिळाला, त्यांनी आरोप नाकारले. मे 2025 मध्ये चागोसचा करार लंडनबरोबर झाला, ज्याच्या जोरावर निवडणूक लावली गेली होती तो सही करायला दुसराच पंतप्रधान होता. आणि जून 2025 च्या अर्थसंकल्पात सार्वत्रिक पेन्शनचं वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 65 करायचं ठरलं. प्रचारात हे कुणी ऐकलं नव्हतं. लोक रस्त्यावर आले, त्यात आघाडीला मत दिलेलेही होते.

आता मघाचं राहिलेलं. 1982 चं साठ-शून्य सरकार मार्च 1983 मध्ये फुटलं, नऊ महिन्यांत. 1995 चं जून 1997 मध्ये, दीड वर्षात, बेरांजे बाहेर. समोर कुणी नसलं की भांडण घरात येतं, बाहेरून दाबून धरणारं काही उरत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

जगन्नाथांच्या बाजूने बघितलं तर तारीख नाही, आघाडी नाही, मला एकच दिवस दिसतो, ज्या दिवशी बंदीचा आदेश निघाला तो. पराभव बहुतेक ठरलेलाच होता, समोरचे एकत्र होते आणि महागाई होती, पण पराभव आणि शून्य यात फरक आहे. त्या आठवड्यात न्यायाधीशाची चौकशी लावली असती आणि पोलीस आयुक्तांना बाजूला केलं असतं तर काका दोन फुल्यांवर नसते राहिले कदाचित, पण एक त्यांनी विद्यार्थ्याला ठेवली असती. अशा एकेक फुलीवर पाच-सात जागा वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं. सिद्ध करता येणार नाही. आणि रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते खरं असेल तर चौकशीत आणखी बुडाले असते हेही आहे, म्हणून तर तो रस्ता घेतला गेला नसावा.

त्याआधीची मोठी चूक 2019 ते 2024 मधली. 37 टक्क्यांवर सत्ता आली तेव्हाच त्यांना माहीत होतं की ही पद्धत उद्या उलटी फिरली तर आपलं काही उरणार नाही. प्रमाणात वाटायच्या 30 जागा असत्या तर 27 टक्क्यांना त्यातल्या सात-आठ तरी मिळाल्या असत्या. जिंकलेल्याने आपल्या हरण्याची सोय करून ठेवायची असते, हे बोलायला सोपं आहे, मला कळतं, पण त्या माणसाकडे पाच वर्षं होती. 2018 ला एक विधेयक आणलं होतं त्याच्याच सरकारने, पुरेसा पाठिंबा नाही म्हणून ते पडून राहिलं.

परिवर्तन आघाडीच्या बाजूने, चौदावा पगार आणि फुकट बस कबूल करताना तिजोरीचा अंदाज त्यांना नव्हता हे मी मानत नाही, रामगुलाम तीनदा पंतप्रधान राहिलेला माणूस आहे. पेन्शनचं वय वाढवावं लागेल हे प्रचारात सांगितलं असतं तर कदाचित साठाच्या पन्नास झाल्या असत्या. पन्नास पुरेशा होत्या. घटना बदलायला तीन-चतुर्थांश लागतात ते आता त्यांच्याकडे हवे त्यापेक्षा जास्त आहेत, सुधारणेचं आश्वासनही दिलंय, आता कुणाच्या पाठिंब्यासाठी थांबायचं कारण नाही.

काकांची धाकटी बहीण 59 वर्षांची आहे. घरकाम करून हात गेलेत, पुढच्या वर्षी पेन्शन येणार म्हणून तिने कामं कमी केली होती. अर्थसंकल्पानंतर ती आपल्या खासदाराकडे गेली. तीन आहेत, तिघंही सरकारचे. पहिल्याने ऐकून घेतलं, दुसऱ्याने फोन उचलला नाही, तिसऱ्याने सांगितलं की ताई देशाची परिस्थिती कठीण आहे. काकांनी मला फोनवर विचारलं की आता चौथा कोण, आणि मी म्हटलं काका, लेजोंगार संसदेत प्रश्न विचारू शकतात, विरोधी पक्षनेत्याला तो अधिकार आहे, तर ते म्हणाले त्याला तर मी मत दिलं नाही.